वर्गातल्या मुली गेल्या कुठे?



दिवाळीच्या सुट्टीत नाहीतर मे महिन्यात तालुक्याच्या रस्त्यानं जाताना शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागलेला दिसतो. दहावीची अमुक सालची बॅच, स्नेहमेळावा. फेटे बांधतात, गुरुजींना शाल-श्रीफळ देतात, शाळेला पंखे नाहीतर पाण्याची टाकी भेट देतात, मग जेवणाच्या पंगती. छान असतं ते सगळं. पण अशा मेळाव्याचा फोटो कधी नीट बघा. मुलगे दोन-तीन रांगा भरून उभे असतात. बाया मात्र खुर्च्यांच्या कडेला मोजक्याच, आणि त्याही बहुतेक जवळपास सासर असलेल्या. बाकीच्या वर्गमैत्रिणी कुठे आहेत असं विचारलं की मेळावा भरवणारा म्हणतो, "लई शोधल्या, पण सापडल्याच नाहीत."

हे 'सापडल्या नाहीत' आज माझ्या बोलण्याचा विषय आहे. त्याला जुना इतिहास आहे, आणि त्यात कल्याणची एक मुलगी, कोकणातल्या दोघी बहिणी, आणि सात समुद्रापलीकडच्या एका कॉलेजची रसायनशास्त्राची बाई अशा सगळ्या येतात.

मुलगा शाळेतून बाहेर पडला तरी त्याचं नाव तेच राहतं, घर तेच, बांध तोच. नोकरीला मुंबईला गेला तरी गावात कुणीतरी त्याचा पत्ता सांगतंच. मुलीचं तसं नाही. आपल्याकडे तर लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायची रीत. वडिलांचं नाव जातं, आडनाव जातं, आणि पुष्कळदा आईनं पाळण्यात ठेवलेलं नावही जातं. माहेरची शोभा सासरी वैशाली होते. शाळेच्या रजिस्टरात शोभाच राहते, आणि सासरच्या गावात शोभा नावाची बाई विचारली तर शेजारीणसुद्धा नाही म्हणते. असं नाव बदललंच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. ही फक्त रीत आहे.

पहिलं उदाहरण मुक्ता साळवेचं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली ही मुलगी. तिनं महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आजही वाचताना अंगावर काटा येतो, इतकं धारदार लिहिणं. आणि त्यानंतर? ती कुठे राहिली, तिला मुलंबाळं झाली का, तिनं पुन्हा लेखणी हातात घेतली का, यावर जुने कागद गप्प आहेत. तिच्याबरोबर बाकावर बसणाऱ्या मुलींपैकी कुणाला तरी ते नक्की ठाऊक असणार. पण त्या मुलींना विचारायला कुणी गेलं नाही, आणि त्यांनी लिहून ठेवावं अशी त्यांची परिस्थिती नव्हती.

आता याच पुण्यात पुढच्या पिढीतल्या दोन मुलग्यांकडे बघा. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजात एकत्र शिकत होते. तिथल्या गप्पांतून शाळा काढायचं ठरलं, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या सोबतीनं १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. पुढे त्या दोघांचं कडाक्याचं भांडण झालं ते वेगळं. पण कॉलेजातली ओळख टिकली म्हणून त्यातून एक संस्था उभी राहिली. मुलींना ही सोय नव्हती, कारण वर्ग म्हणावा असा वर्गच त्यांच्या वाट्याला येत नव्हता. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालं की पाटी खुंटीला. मुलीच्या लग्नाचं कायद्यानं किमान वय १४ ठरलं ते १९२९ मध्ये, आणि १८ झालं ते १९७८ मध्ये. दहावीच्या बाकावर एकमेकींशेजारी बसलेल्या आणि मग ताटातूट झालेल्या बाया खेड्यापाड्यात मोठ्या संख्येनं दिसतात त्या त्यानंतरच्याच.

मग जुन्या बाया एकमेकींची खबर ठेवत नव्हत्या का? ठेवत होत्या की! आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १८७९ च्या जुलैत, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. स्वस्त होतं, पण उघडं. पोस्टमनपासून सासऱ्यापर्यंत सगळे वाचणार. आणि लिहायला अक्षर यायला हवं, पत्ता हवा, लिहू देणारं घर हवं. त्यापेक्षा बांगड्या भरायला गावोगाव फिरणारा कासार बरा. नागपंचमीला माहेरी आलेल्या मुली बऱ्या, जत्रेतली भेट बरी. 'तुझी ती मैत्रीण भेटली होती, दुसरा मुलगा झाला, सासू मेली' एवढा निरोप चार तोंडांतून यायचा आणि वर्षभर पुरायचा. जात्यावरच्या ओव्यांत मैत्रिणीची आठवण उगाच येत नाही. पण तोंडी निरोपाची एक अडचण असते. तो सांगणारी गेली की निरोपही गेला.

लिहून ठेवलं तर काय होतं, हे कळायला थोडं लांब जावं लागेल. अमेरिकेत फिलाडेल्फिया नावाच्या शहरात १८५० साली बायकांसाठी वैद्यकीय कॉलेज निघालं. बाईनं डॉक्टर व्हावं ही कल्पनाच तेव्हा तिथल्या पुरुषांना सहन होत नव्हती. तिथल्या डॉक्टरांच्या मंडळानं ठरावच केला की बाई डॉक्टरबरोबर सल्लामसलत करायची नाही. १८६९ मध्ये या कॉलेजच्या मुली शहरातल्या मोठ्या इस्पितळात शिकवणी ऐकायला गेल्या, तेव्हा मुलग्यांनी आरडाओरडा केला, कागदाचे बोळे मारले, तंबाखू थुंकून कपडे खराब केले. तेव्हा छेडछाड काही आपल्याच एसटी स्टँडवरची नाही!

त्यावर एक मोठा डॉक्टर पुढे सरसावला. बोस्टनजवळच्या हार्वर्ड या नामांकित विद्यापीठाशी संबंध असलेल्या या माणसानं १८७३ साली पुस्तकच काढलं की मुलगी फार शिकली तर तिची तब्येत बिघडते, ती आई व्हायच्या लायकीची राहत नाही. पुस्तक धडाधड खपलं. घरोघरी बापांना आयतं कारण मिळालं. सख्यांनो, हे कारण आपणही ऐकलंय, फक्त वेगळ्या शब्दांत. 'शिकून काय करणार, डोकं दुखेल, डोळे जातील, नवरा मिळणार नाही.'

यावर उत्तर द्यायचं कसं? भाषणं करून? फिलाडेल्फियाच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींनी १८७५ साली आपला संघ काढला होता. कॉलेजच्या प्रमुख होत्या रेचल बॉडली, रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांनी एक साधी गोष्ट केली. तोवर शिकून बाहेर पडलेल्या आणि हयात असलेल्या सगळ्या, म्हणजे २४४ जणींना, प्रश्न पाठवले. डॉक्टरकी करता का? कोणत्या प्रकारची? कमाई किती होते? लग्न झालं का? या शिक्षणाचा घरसंसारावर काय परिणाम झाला? १८९ जणींची उत्तरं आली. त्यातल्या १६६ जणी प्रत्यक्ष दवाखाना चालवत होत्या, रोगी बघत होत्या. संसारावर काय परिणाम झाला, या प्रश्नाला ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या बहुतेकींनी चांगला झाला असंच लिहिलं. १८८१ च्या मार्चमध्ये पदवीदानाच्या भाषणात बॉडलीबाईंनी हे सगळं वाचून दाखवलं.

विचार करा, तीस वर्षांत पांगलेल्या बाया. कुणाचं लग्न झालेलं, आडनाव बदललेलं, कुणी दुसऱ्या मुलखात गेलेली. तरी २४४ पैकी १८९ सापडल्या, कारण त्यांचे पत्ते कुणीतरी वर्षानुवर्षं नीट लिहून ठेवत होतं. ते लिहिणं किती कंटाळवाणं असेल! आपल्या बचत गटाची वही लिहिणाऱ्या सचिवबाईला विचारा. तिला कळेल.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बोस्टन शहरात वेगवेगळ्या कॉलेजांतून शिकलेल्या १७ बायका जमल्या, आणि दोन महिन्यांत ६५ जणींची संघटना झाली. त्यांनी तब्येतीचाच प्रश्न हातात घेतला. शिकलेल्या १,२९० बायकांना प्रश्नावली पाठवली, ७०५ जणींनी भरून दिली, आणि १८८५ साली निकाल छापला. शंभरातल्या ७८ जणींची तब्येत चांगली. मोठ्या डॉक्टरांचं पुस्तक एकीकडे आणि या ७०५ जणींची साधी खुशाली एकीकडे. आपण जिला नुसती खुशाली म्हणतो, 'मी बरी आहे, पोरं बरी आहेत, काम चालू आहे', तिचाच पुरावा झाला. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते.

आणि आता त्याच कॉलेजात, त्याच बॉडलीबाईंच्या हाताखाली आपली एक मुलगी येते. माहेरचं नाव यमुना, जन्म १८६५ चा, कल्याणच्या घरातली. नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. आनंदीबाई जोशी. १८८३ साली बोटीनं गेली. तिचा एक फोटो प्रसिद्ध आहे, १० ऑक्टोबर १८८५ चा. तीन मुली, तिघी आपापल्या देशाच्या वेशात. आपली आनंदीबाई नऊवारीत, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लांबूली. यातल्या ओकामीचंही आडनाव लग्नानंतरचं. म्हणजे तांदळाचं ताट नसलं तरी नाव पुसायची रीत बऱ्याच ठिकाणी.

या तिघींचं पुढे काय झालं? आनंदीबाई ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली, त्याच वर्षी घरी परतली, कोल्हापूरच्या इस्पितळात तिची नेमणूक ठरली होती, पण क्षयानं २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. तिच्या अस्थी नवऱ्यानं अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंना पाठवल्या, ज्यांना आनंदीबाई मावशी म्हणायची, आणि त्यांनी त्या आपल्या घरच्या स्मशानभूमीत ठेवल्या. तिची आणि कार्पेंटरबाईंची पत्रं जपली गेली म्हणून ती काय विचार करत होती हे आपल्याला कळतं. ओकामी जपानला परतून तिथल्या इस्पितळात काम करू लागली, पुढे स्वतःचा दवाखाना काढला, १९४१ पर्यंत जगली. तिसरी साबात. ती मायदेशी परतली आणि कॉलेजचा तिच्याशी संबंध तुटला. नावाचं स्पेलिंगही कागदोकागदी वेगळं. तिचा माग लागतो तो १९१९ सालच्या माजी विद्यार्थिनींच्या यादीत. पत्ता, कैरो शहर. एवढी एक ओळ. पण ती ओळ नसती तर मुक्ता साळवेसारखीच तीही पुसली गेली असती.

आनंदीबाईच्या पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या, लेक मनोरमाला घेऊन. त्या तिथे राहिल्या, फिरल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंची. मग १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ निघालं, दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल झालं, आणि अमेरिकेच्या गावोगावी बायकांनी 'रमाबाई मंडळं' काढून वर्षाला एकेक डॉलर जमवला. आपल्या भिशीसारखंच म्हणा ना. त्या पैशातून ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. दोन मुलींवर शाळा सुरू झाली. त्यातली विधवा मुलगी होती कोकणातली गोदूबाई.

गोदूबाईचा भाऊ नरहरपंत हा धोंडो केशव कर्व्यांचा मित्र, मुंबईत एकत्र बिऱ्हाड करून राहिलेला. इथे पुन्हा पुरुषांची मैत्री टिकलेली दिसते, आणि तिचा फायदा बहिणीला झाला. कर्व्यांची पहिली बायको गेली तेव्हा त्यांनी विधवेशीच लग्न करायचं ठरवलं, आणि ११ मार्च १८९३ ला गोदूबाईशी पुण्यात लग्न केलं. ही ११ मार्च तारीख तीनदा आली, लक्षात आलं का? आनंदीबाईची पदवी, शारदा सदन, आणि हे लग्न. योगायोगच, पण मला गंमत वाटते. लग्नात गोदूबाईंचं नाव आनंदी झालं. सगळे त्यांना बाया म्हणत. कर्व्यांच्या गावानं, मुरूडनं, या जोडप्यावर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी शारदा सदनात मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात अशी बोंब उठली आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. एका वर्षात एकीचं गाव सुटलं आणि तिच्या शाळासोबतिणी पांगल्या.

बाया मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, पदरात मुलगा. तिला बहिणीच्या घरी आसरा मिळाला, शिकायला मिळालं. १८९६ साली कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो पुण्याजवळ हिंगण्याला गेला, आणि पार्वतीबाई त्याचा कणा झाल्या. गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायच्या. पुढे १९१८ साली, पन्नाशीच्या आसपास, इंग्रजी धड येत नसताना अमेरिकेला गेल्या, तिथे लोकांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करून राहिल्या आणि भाषा शिकल्या. दोघी बहिणींनी आपापली कहाणी लिहून ठेवली. पार्वतीबाईंची 'माझी कहाणी' १९२८ ची, आणि बायांचं 'माझे पुराण' १९४४ चं. शारदा सदनात मुली कशा राहत, काय खात, कशाला रडत, हे एका मुलीच्या नजरेतून आपल्याला कळतं ते बायांनी उतारवयात आठवून सांगितलं म्हणून. पन्नास वर्षांनंतरची खुशाली म्हणा हवं तर.

पुढचा काळ तुम्हाला ठाऊक आहे. १९४८ मध्ये पहिली एसटी नगरहून पुण्याला धावली, आणि मग माहेर जवळ आलं. पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. मग मोबाइल. आता वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघायला एक संध्याकाळ पुरते. तरी बाया सापडत नाहीत, आणि कारण नुसतं नाव नाही. फोन घरात एकच असतो, तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात. अनोळखी पुरुषाच्या नंबरवरून 'ओळखलं का' असा मेसेज आला की घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको. आणि सापडलेली सुद्धा यायला कचरते. मेळाव्यात माईक फिरतो, 'आपण सध्या काय करता?' कुणी फौजदार, कुणी बागायतदार. आपली मैत्रीण म्हणते, "काही नाही, घरीच असते." पाच एकर रान सांभाळणारी, गटाचं कर्ज फेडणारी, दोन म्हशींचं दूध डेअरीला घालणारी बाई 'काही नाही' म्हणते. जिचा नवरा गेलाय, जिला सासरनं टाकलंय, ती तर घरातून निघतच नाही. यादी अशी हवी की जी यशाची गोष्ट सांगू शकत नाही तिलाही जागा असेल. बॉडलीबाईंनी दवाखाना न चालवणाऱ्यांचीही मोजदाद केली होती.

काही गटांनी विचारलं होतं की शोधायचं कुठून. माझं सांगणं असं, सुरुवात मोबाइलपासून करू नका, माहेरापासून करा. तिची भावजय, गल्लीतली म्हातारी, अंगणवाडीताई, तुमच्याच गटातली त्या गावची सून. वहीत तीन रकाने आखा. शाळेतलं नाव, आत्ताचं नाव, गाव. नंबर आधी लिहू नका. सापडली की तिला विचारा, 'तुझा नंबर दिला तर चालेल का, आणि कुणाला?' काहीजणींना सापडायचं नसतं, त्यालाही कारण असतं, आणि त्याचा मान ठेवा. मुलग्यांच्या ग्रुपात घालायच्या आधी बायांचा वेगळा ग्रुप करा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी पोस्टकार्ड अजून मिळतं, पन्नास पैशाला.

आणि शाळेत विचारायला जाल तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला बरोबर न्या. त्यावर वरच्या बाजूला जनरल रजिस्टरचा नंबर असतो. लग्नात सगळं बदललं तरी तो नंबर बदलत नाही. तुमच्या नंबराच्या आगेमागे ज्या नोंदी आहेत, त्या पुष्कळदा तुमच्याच बरोबर शाळेत घातलेल्या मुलींच्या असतात. मुख्याध्यापकांना विनंती करून ते पान बघा, आणि नावं वहीत उतरवून घ्या.